घरच्यासाठी कापडी मास्क: माप घेऊन शिवा

मी कळव्याला खारेगावात राहते आणि घरीच ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींचे फ्रॉक शिवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ज्यांच्या घरी मशीन होती त्या आम्ही सगळ्याजणी मास्क शिवत होतो. महाराष्ट्रातली मास्कची सक्ती २०२२ च्या गुढीपाडव्याला संपली, तरी माझ्याकडे मास्क मागायला बायका अजून येतात. कुणाला वर्षाचा मसाला करायचा असतो, कुणाला दिवाळीआधी माळा झाडायचा असतो, कुणाच्या घरी नातवाला सर्दी झालेली असते आणि आजीला दमा असतो. त्या सगळ्यांना मी एकच सांगते, मास्क ब्लाउजसारखा माप घेऊन शिवायचा. कापड कितीही भारी घ्या, पदर कितीही वाढवा, नाकाच्या बाजूला बोटभर फट राहिली की हवा त्या फटीतूनच ये-जा करणार. सोपी वाट मोकळी असताना ती कापडातून कशाला जाईल?

म्हणून या लेखात शिवण्याइतकंच माप घेण्याबद्दल आणि बसवण्याबद्दल लिहिते आहे.

आधी हा मास्क कशाला चालतो आणि कशाला नाही, ते नीट समजून घ्या. खोकताना, शिंकताना, बोलताना तोंडातून जे थेंब उडतात ते कापड बऱ्यापैकी अडवतं. म्हणून घरात कुणी आजारी असेल तर मास्क आधी आजारी माणसाने लावायचा, मग जवळ जाणाऱ्याने. खोलीची खिडकी उघडी ठेवायची. गहू निवडताना उडणारा भुसा, पंख्यावरची जळमटं, माळ्यावरची धूळ, मसाल्याच्या डब्यातून उडणारा मिरचीचा खकाणा, एवढ्यासाठी कापडी मास्क पुरतो. मिरच्या भाजतानाचा धूर मात्र यातून आत जातोच. तिथे एक्झॉस्ट पंखा लावा, दारं-खिडक्या उघडा आणि दम्याच्या माणसाला शेजारी पाठवा.

घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून तिथल्या सोसायट्यांतल्या बायका विचारतात, बाल्कनीतल्या धुळीला हा चालेल का? कठड्यावर हाताला लागते ती जाडी धूळ अडेल. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ अडणार नाही. त्यासाठी एन-९५ च हवा. ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण तो अडवतो, पण तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच. कबुतरांची घाण साफ करताना कापडी मास्कवर अजिबात विसंबू नका. वाळलेल्या विष्ठेची बारीक पूड श्वासातून जाते आणि काहीजणांच्या फुप्फुसांना त्यामुळे ॲलर्जीची सूज येते. आधी घाणीवर पाणी मारून ती पूर्ण ओली करायची, एन-९५ लावायचा आणि मगच खरवडायची. कोरड्या झाडूने कधीच झाडायची नाही. घरात टीबीचा पेशंट असेल तर डॉक्टर सांगतील तोच मास्क वापरा, शिवलेला नको.

संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं की क्लोरीन वायू सुटतो. त्याला कापडाचे दहा पदरही अडवू शकत नाहीत. ही दोन्ही एका वेळी वापरूच नका.

दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क बांधायचा नाही, आणि झोपलेल्या माणसाला तर मुळीच नाही. स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही अशा माणसालाही नको. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना लावायची गरज नसते.

कापड कुठलं आणि कुठून

एक मास्क तीन पदरांचा करायचा. आतला पदर मऊ पांढऱ्या मलमलचा किंवा खूप वेळा धुतलेल्या सुती कापडाचा, कारण तो तोंडाला लागतो आणि दमट होतो. पांढरा अशासाठी की मळलेला लगेच दिसतो. मधला आणि बाहेरचा पदर घट्ट विणीच्या पॉपलीनचा किंवा केम्ब्रिकचा. ब्लाउजला टू बाय टू रुबिया वापरतो, तोही चालतो, पण तो शंभर टक्के सुती आहे ना ते विचारून घ्या. बाजारात त्याच नावाखाली मिश्र धाग्याचंही कापड मिळतं.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये थोडी वेगळी रचना सांगितली होती: आत सुती, मध्ये न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन (एक प्रकारचं प्लास्टिक), बाहेर पॉलिएस्टरसारखं पाणी न शोषणारं कापड. गर्दीत जायला ती चांगली. घरच्या मास्कला मी तिन्ही पदर सुतीच घालते, कारण हा मास्क रोज उकळायचा आणि कडक इस्त्री करायचा असतो. सुती कपड्याच्या इस्त्रीखाली पॉलिप्रॉपिलीन वितळतं. दुकानातून आलेल्या, कापडासारख्या दिसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या कापूनही मधला पदर करू नका. त्यांच्यावर छपाईचा रंग असतो, आणि पिशवी किती धुळीत पडून होती ते आपल्याला ठाऊक नसतं.

कापड घेताना दुकानातच एक पदर ट्यूबलाइटसमोर धरा. उजेडाचे ठिपके सुटे सुटे दिसले तर वीण विरळ आहे. उजेड सगळीकडून मंद आणि सारखा आला तर ते घ्या. मग दोन पदर तोंडावर धरून नेहमीसारखा श्वास घ्या. छाती भरून येत नाही असं वाटलं तर ते कापड फारच गच्च आहे. त्यातून हवा जाणार नाही, मग ती कडेने जाईल आणि सगळी मेहनत फुकट.

ठाण्यात मी जांभळी नाक्याच्या बाजारातून कापड घेते. तिथे अस्तराच्या दुकानांत मलमल, पॉपलीन, सुती नाडी असं सगळं एका फेरीत होतं. जास्त लागणार असेल, म्हणजे सोसायटीसाठी किंवा बचत गटासाठी, तर उल्हासनगरचं गजानन मार्केट गाठावं. भिवंडीच्या यंत्रमागांवरचं कोरं कापड मिळालं तर मांजरपाटासारखं खरखरीत लागतं, पण दोनदा उकळून धुतलं की मधल्या पदराला छान बसतं.

खरं म्हणजे बरंचसं कापड घरातच असतं. जुनी सुती चादर, मळखाऊ परकर, हळदीकुंकवात आलेले आणि कपाटात पडून राहिलेले ब्लाउज पीस. चादरीचा मधला झिजलेला भाग सोडून कडेचा घ्यायचा. ओळखीच्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे अस्तराचे उरलेले तुकडे मागा. आमच्याकडे ते पिशवी भरून पडलेले असतात आणि कुणी मागितले तर आनंदच होतो. टी-शर्टचं होजिअरी कापड घेऊ नका. ते ताणलं की वीण उघडते.

नवं कापड कापण्याआधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी शिवून मग आटवलं तर मास्क नाकावरून खाली ओढला जातो.

माप

टेप घ्या आणि ज्याच्यासाठी शिवायचा त्याला समोर बसवा. पहिलं माप उंचीचं. चष्मा नाकावर जिथे टेकतो त्याच्या जरा खालून टेप धरायची, नाकाच्या शेंड्यावरून, ओठांवरून हनुवटीखाली एक इंच आत न्यायची. हे माप घेताना त्या माणसाला तोंड उघडायला सांगायचं. हे फार महत्त्वाचं आहे. बोलताना जबडा खाली जातो. मिटलेल्या तोंडाचं माप घेऊन शिवलेला मास्क दोन वाक्यं बोलली की नाकावरून घसरतो, आणि मग माणूस दर मिनिटाला हात लावून तो वर ओढत बसतो.

दुसरं माप रुंदीचं. एका कानाच्या दोन बोटं अलीकडून, नाकाच्या शेंड्यावरून, दुसऱ्या कानाच्या दोन बोटं अलीकडेपर्यंत.

बहुतेक बायकांचं माप रुंदीला ९ आणि उंचीला ७ इंच येतं. मोठ्या चेहऱ्याच्या पुरुषांची रुंदी १० पर्यंत जाते. सात ते बारा वर्षांच्या मुलांना ७ बाय साडेपाच पुरतं. दोन्ही मापांत शिलाईसाठी अर्धा अर्धा इंच वाढवून कापायचं, म्हणजे बाईच्या मास्कचा तुकडा साडेनऊ बाय साडेसात होतो. ३६ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात असे आडवे तीन आणि उभे पाच, मिळून १५ तुकडे बसतात. म्हणजे सगळे पदर एकाच कापडाचे घेतले तर मीटरमागे पाच मास्क. शिवाय कडेला साडेसात इंचांची लांब पट्टी उरते, तिच्यातून बाजूच्या आणि नाकाच्या पट्ट्या निघतात.

दाढी असलेल्यांना मास्क गालाला नीट चिकटत नाही. त्यांनी मसाला दळायला बसू नये, एवढंच सांगते.

शिवणं

मी चुण्यांचा मास्क शिवते. मधोमध शिवण असलेला चोचीसारखा मास्क दिसायला छान दिसतो, पण त्यात नाकासमोरच सुईची भोकं येतात, आणि तो सपाट इस्त्रीही होत नाही.

मधल्या पदराचा तुकडा खाली ठेवा. त्यावर बाहेरचा तुकडा, सुलट बाजू वर. त्यावर आतला पांढरा तुकडा, सुलट बाजू खाली. वरची आणि खालची लांब कड पाव इंचावर टीप मारून जोडा. दोन्ही आखूड बाजू उघड्याच राहू द्या. मग बाहेरच्या आणि पांढऱ्या कापडाच्या मधून हात घालून उलटवा. मधला पदर आपोआप आत जातो. इस्त्री फिरवा आणि दोन्ही लांब कडांना वरून एकेक टीप द्या.

आता नाकाची पट्टी. पाच इंच लांब आणि सव्वा इंच रुंद पट्टीच्या चारही कडा दुमडून ती आतल्या बाजूने, वरच्या कडेच्या बरोबर मधोमध ठेवा. दोन्ही लांब बाजूंना आणि एका टोकाला टीप मारा, दुसरं टोक उघडं ठेवा. या खिशात तार जाते. कुंड्यांतल्या वेली बांधायला प्लास्टिक चढवलेली हिरवी तार मिळते, तिचा पाच इंचांचा तुकडा घ्या आणि दोन्ही टोकं पक्कडने आत वळवून चार इंच करा, म्हणजे टोचणार नाही. उघडी लोखंडी तार नको, ती गंजते आणि कापडाला डाग पडतात. खिसा उघडा ठेवल्याने धुण्याआधी तार काढून ठेवता येते.

चुण्या घालताना घाई करू नका. मास्कची बाहेरची बाजू वर करून ठेवा आणि दोन्ही आखूड कडांवर खडूने खुणा करा. वरून दीड इंच मोकळं सोडा, मग एक इंच चुणीत जाणारं, अर्धा इंच मोकळं, एक इंच चुणीत, अर्धा मोकळं, एक इंच चुणीत, आणि खाली दीड इंच उरतं. ७ इंचांची कड अशी ४ इंचांवर येते. तिन्ही चुण्यांचं तोंड बाहेरच्या बाजूला खालीच हवं. वर राहिलं तर प्रत्येक चुणी धुळीचा खिसा होते. मुलांच्या मास्कला दोनच चुण्या घाला, साडेपाचाचे साडेतीन होतात. टाचण्या लावून दोन्ही बाजूंना टीप मारा. इथे तीन पदरांच्या घड्यांवर घड्या येतात, सुई अडते. १६ नंबरची सुई लावा, मोटर चालवू नका, चाक हाताने फिरवत एकेक टाका पुढे सरका.

दोन्ही बाजूंना पाच इंच बाय दोन इंचांची पट्टी लावायची. तिची दोन्ही टोकं अर्धा अर्धा इंच दुमडून ती चार इंचांची करा, मास्कच्या कडेला सुलटीवर सुलट ठेवून जोडा, मागे वळवा, कड आत घाला आणि टीप मारा. मध्ये नाडी जाईल अशी नळी तयार होते.

मशीन नसेल तर हाताने बखिया घाला, बारीक टाक्यांचा. वेळ जास्त लागतो, मास्क तितकाच चांगला होतो.

कानातलं इलॅस्टिक मी लावत नाही. माझ्या सासूबाईंना चष्मा आहे आणि कानामागे ऐकायचं यंत्र. इलॅस्टिकचा मास्क काढताना ते यंत्र दोरीत अडकून निघून यायचं. घरी ज्यांच्यासाठी मास्क लागतो त्यात म्हातारी माणसंच जास्त असतात, त्यामुळे सगळ्यांनाच नाडी बरी. शिवाय रोज उकळलं की इलॅस्टिक लवकर सैल पडतं. दीड मीटर सुती नाडी सेफ्टी पिनला अडकवा. डाव्या नळीत वरून घालून खालून काढा, मानेसाठी फास मोकळा सोडा, मग उजव्या नळीत खालून घालून वरून काढा. दोन्ही टोकं वर येतात. मास्क गळ्यात अडकवायचा, टोकं डोक्याच्या मागे वरच्या बाजूला ओढून बांधायची. नाडी नळीतून सरकते, त्यामुळे खालचा फास आपोआप घट्ट होतो. अंबाडा असेल तर गाठ त्याच्या वर द्या. टोकं जास्त लांब राहिली तर बांधून बघितल्यावरच कापा.

बसला की नाही, कसं ओळखायचं

तार नाकावर दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. एका हाताने चिमटीत धरून दाबली तर मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग हाताची मागची बाजू ओली करून गालाजवळ, नाकाजवळ, हनुवटीखाली फिरवा आणि जोरात श्वास सोडा. ओल्या कातडीला जिथे गार झुळूक लागेल तिथे फट आहे. चष्म्यावर वाफ धरली तर ती नाकापाशी आहे, तार पुन्हा दाबा. गालापाशी असेल तर रुंदी जास्त झाली आहे, बाजूच्या पट्ट्या उसवून पाव पाव इंच आत घ्या. श्वास घेताना मास्क हलकेच आत ओढला गेला आणि सोडताना फुगला, तर समजा की हवा कापडातून जाते आहे. हा मास्क बरोबर झाला.

तयार घ्यायचा असेल तर

बचत गटाच्या बायका अजूनही शिवून देतात. २०२० मध्ये राज्य सरकारच्या उमेद अभियानातल्या आणि माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटांनी राज्यभर मास्क शिवले होते, त्यातल्या कितीतरी जणींचे हात अजून त्यात बसलेले आहेत. दिवाळीआधी नौपाड्यातल्या हॉलमध्ये घरगुती वस्तूंची प्रदर्शनं लागतात, तिथे पिशव्या आणि पोटल्या विकणाऱ्या ताईंना विचारा. टेबलावर मास्क नसला तरी माप दिलं तर शिवून देतात. खादीच्या दुकानात मिळाला तर पदर मोजून घ्या, कधी कधी दोनच असतात.

रस्त्यावर मिळणारा स्पंजसारखा काळा मास्क म्हणजे कापडी मास्क नव्हे. कापडावर एन-९५ असं छापलं म्हणून ते एन-९५ होत नाही. पुढे गोल झडप असलेला घेऊच नका. झडपेतून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, म्हणजे आजारी माणसाने तो लावून घरच्यांना काहीच उपयोग नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही झडपेच्या मास्कबद्दल राज्यांना सावध केलं होतं.

धुणं

रोजच्या वापराला माणशी दोन मास्क हवेतच, घरात कुणी खोकत असेल तर चार. ओला झाला की लगेच बदला. काढताना पुढच्या कापडाला हात लावू नका, मागची गाठ सोडून नाडीने धरा, आणि मग हात धुवा.

केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मार्च २०२० च्या अखेरीस घरगुती मास्कची पुस्तिका काढली होती. त्यातली धुण्याची रीत मी आजही पाळते, कारण ती आपल्या घरांना धरून लिहिलेली आहे. साबण आणि कोमट पाण्याने धुऊन कडक उन्हात निदान पाच तास वाळवायचा. नाहीतर प्रेशर कुकरमध्ये पाणी घालून निदान दहा मिनिटं उकळायचा. कुकर नसेल तर साध्या भांड्यात पंधरा मिनिटं. मी यासाठी जुना कुकर वेगळा ठेवला आहे.

ठाण्याच्या पावसाळ्यात ऊन मिळत नाही, आणि दमट राहिलेल्या मास्कला वास येतो, काळे ठिपके पडतात. जून ते सप्टेंबर उकळून, टॉवेलमध्ये दाबून, पंख्याखाली टांगायचा आणि मग दोन्ही बाजूंनी पाच मिनिटं कडक इस्त्री. तार आधी काढायला विसरू नका. चुण्या इस्त्रीने पुन्हा बसवल्या की मास्क नव्यासारखा बसतो. कपड्यांना सुवास येण्यासाठी जे औषध घालतात ते यात घालू नका, नाकासमोर दिवसभर तो वास नको. वाळलेला मास्क कागदी पाकिटात किंवा स्वच्छ सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही.

महिन्यातून एकदा प्रत्येक मास्क पुन्हा ट्यूबलाइटसमोर धरा. चुण्यांच्या घडीवर कापड आधी विरतं, तिथे उजेडाचे ठिपके दिसू लागले की त्याचं काम संपलं. नाडी आणि तार पुढच्या मास्कसाठी काढून घ्या, उरलेलं कापड पंखे पुसायला ठेवा.